रस्त्याची चौथाई
*कामावर रोज मोटारसायकलीने जाणाऱ्या वाचकांसाठी*

जून महिना तोंडावर आला, किंवा परीक्षांचे निकाल लागून घरातील एखाद्या मुलास वा मुलीस पहिली नोकरी लागली, म्हणजे वाचकांच्या पत्रांतून एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांत आमच्यापर्यंत येते: घर सिंहगड रस्त्याला, कचेरी हिंजवडीस, बसचा भरवसा नाही, रिक्षा परवडत नाही, तेव्हा मोटारसायकल घ्यावी काय, घेतल्यास कोणते दस्तऐवज सांभाळावेत, पोलिसाने हात दाखविला तर काय करावे, आणि पत्राच्या अगदी तळाशी, बहुधा वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून लिहिलेली एक ओळ असते: वाटेत काही बरेवाईट घडले, तर दाद कोणाकडे मागावी?

या सर्व प्रश्नांची उत्तरे क्रमाने देण्यापूर्वी मुद्द्याची गोष्ट सांगून टाकतो. मोटारसायकल आपण वेळ वाचविण्याकरिता घेता. पण वाचलेला सगळाच्या सगळा वेळ अंथरुणात किंवा चहाच्या कपावर खर्च करून उरलेली कसर रस्त्यावर भरून काढू पाहाल, तर हे वाहन आपल्याला महागात पडेल. मराठी दप्तरांत ‘चौथाई’ हा शब्द ज्या अर्थाने येतो, म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा बिनतक्रार भरावा आणि स्वारीच्या उपद्रवापासून मुलूख निर्धास्त करून घ्यावा, त्याच अर्थाने वाचलेल्या वेळेचा चौथा हिस्सा आपण रस्त्याला दिला पाहिजे. बसने नव्वद मिनिटे लागतात आणि मोटारसायकलीने पन्नास, तर चाळीस मिनिटे वाचली. त्यांतील दहा रस्त्याची.

प्रथम हिशेब: हे वाहन आपल्याला सोयीचे आहे काय?

एका बाजूचे अंतर १८ किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर महिन्याकाठी ९०० किलोमीटर धाव होते. गाडी लिटरला ५० किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे मानल्यास निव्वळ इंधनाचा खर्च सुमारे १,९०० रुपये येतो. परंतु बहुतेकांचा हिशेब येथेच थांबतो आणि चूकही येथेच होते. वर्षाला १०,८०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे तीन-चार वेळा सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेकचे लायनर, चेन-स्प्रॉकेट, टायर, विम्याचा हप्ता आणि गाडीची घसरती किंमत ही सारी रक्कम बाराने भागून त्या १,९०० रुपयांत मिळवा, आणि मगच बसच्या पासाशी तुलना करा.

तुलना करताना पुढील पर्यायही विचारात घ्यावेत:

- पूर्ण प्रवास मोटारसायकलीने. कामाची पाळी रात्री-अपरात्री सुटत असेल, किंवा दिवसभरात दोन-तीन ठिकाणी जावे लागत असेल, तर हाच पर्याय सयुक्तिक ठरतो.
- स्थानकापर्यंत मोटारसायकल, पुढे मेट्रो वा लोकल. पुण्यात पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांच्या आसपास ज्यांचे घर व कचेरी आहे, त्यांनी हा मेळ अवश्य बसवून पाहावा. मात्र स्थानकापाशी गाडी लावण्यास अधिकृत जागा आहे याची खात्री आधी करावी.
- आठ महिने मोटारसायकल, पावसाळ्यात बस. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मार्ग ठरविताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जो रस्ता मोटारीला खुला तो मोटारसायकलीलाही खुला असे नसते: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू यांवर दुचाकींना मनाई आहे. भ्रमणध्वनीवरील नकाशा मोटारीचाच मार्ग दाखवीत असू शकतो. त्यावर विसंबून मनाईच्या रस्त्यावर शिरल्यास दंड आपल्याच नावावर पडतो.

गाडी निवडताना

रोजच्या वापराला १०० ते १२५ सीसीची गाडी बहुतेकांस पुरते. दुकानातील चकाकी पाहण्याआधी गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात काय हे पाहा, कारण वाहतुकीच्या कोंडीत मिनिटागणिक पाय टेकावा लागतो. २०१९ साली १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबता चाक जाम होऊ न देणारी योजना, आणि त्याखालील गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी योजना सक्तीची झाली. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

जुनी गाडी घेताना वा विकताना नुसती किल्ली व रोकड यांची अदलाबदल करून स्वस्थ बसू नये. नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात मालकी बदलून घ्यावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यावे असा कायद्याचा दंडक आहे. नाव बदलले नाही, तर गाडी विकूनही पुढील अपघाताचे दायित्व दप्तरातील मूळ मालकाच्या माथी येते. गाडीवर जुनी चलने थकली आहेत काय, हेही पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे.

दस्तऐवज: चार कागद, चार मुदती

- वाहनपरवाना. मुदत संपल्यानंतर पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली आहे. मुदतीपूर्वी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो; शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.
- नोंदणीपत्र. ते पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.
- विमापत्र. निदान त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. विम्याविना गाडी चालविल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.
- प्रदूषण नियंत्रणाचा दाखला. नव्या गाडीस पहिले वर्ष तो लागत नाही. नंतर बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना तो वर्षाचा, आणि त्याहून जुन्यांना सहा महिन्यांचा मिळतो.

हे कागद डिजिलॉकर वा एमपरिवहन यांवर असतील, तर ते मूळ कागदांप्रमाणेच ग्राह्य धरले जातात. भ्रमणध्वनीत काढून ठेवलेले छायाचित्र मात्र दस्तऐवज नव्हे. चारही मुदतींच्या तारखा घरातील कालनिर्णयावर किंवा आपण रोज पाहता अशा ठिकाणी टिपून ठेवा.

विम्याविषयीचे तीन गैरसमज

१. *‘विमा आहे, म्हणजे माझ्या गाडीचा खर्च मिळेल.’* केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर आपल्या गाडीच्या मोडतोडीचा वा चोरीचा एक छदामही मिळत नाही. नव्या गाडीसोबत येणारा पाच वर्षांचा सक्तीचा विमा हा त्रयस्थ पक्षापुरता असतो; स्वतःच्या गाडीचा विमा बहुधा दर वर्षी वेगळा भरावा लागतो, आणि तो मुदत टळून नव्वद दिवस तसाच राहिला, तर दावा न केल्याबद्दल साठलेली सवलतही बुडते.

२. *‘मागे बसणाऱ्याला विमा आहेच.’* निव्वळ त्रयस्थ पक्षाच्या विम्यात मागे बसलेला सहकारी आपोआप येत नाही. सर्वसमावेशक विम्यात तो येतो. रोज कोणास मागे बसवून नेत असाल, तर हा भेद विमापत्रात डोळ्यांनी वाचून घ्यावा.

३. *‘गाडी माझी, तेव्हा तिने दोन पैसे मिळविले तर कोणाचे काय जाते?’* पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यास वापरणे हा नियमभंग आहे, आणि त्या वेळी अपघात झाल्यास विमा कंपनीस दावा नाकारण्यास आयते कारण मिळते.

गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात. चोरीचा दावा करताना त्या दोन्ही हजर करा असे सांगितले जाते.

दहा मिनिटांची वाटणी

आता चौथाईकडे वळू. ही दहा मिनिटे कोठे खर्च करावीत, याचा नेमका तपशील असा.

*गाडीपाशी दोन मिनिटे:*

- दोन्ही ब्रेक दाबून पाहा. पुढचा ब्रेक मऊ लागत असेल, तर त्या दिवशी गाडी काढू नका.
- टायरवर नजर फिरवा. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने भरावी.
- मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर पेटतात काय ते पाहा. आरसे स्वतःच्या खांद्यांकरिता नसून मागच्या रस्त्याकरिता आहेत, तसे ते वळवून घ्या.
- चेन सुकी वा सैल दिसल्यास त्याच आठवड्यात तेल द्या व ताणून घ्या. पावसात भिजलेल्या चेनला तेल लवकर लागते.
- साइडस्टँड वर घ्या. खाली राहिलेल्या स्टँडने डाव्या वळणावर कित्येकांना आपटले आहे.

*अंगावर दोन मिनिटे:*

- हेल्मेट भारतीय मानक ४१५१ ची आयएसआय मुद्रा असलेलेच घ्या. १ जून २०२१ पासून अशी मुद्रा नसलेले विकण्यासच मनाई आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचते.
- मागे बसणाऱ्यासही हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेट नसल्यास दंडासोबत परवाना तीन महिने निरर्ह ठरविण्याची तरतूद कायद्यात आहे. दंडाची रक्कम महिनाअखेर विसरली जाते, परंतु परवान्याविना गेलेले तीन महिने नोकरदाराला विसरता येत नाहीत.
- वाटेत मुलाला पाळणाघरात सोडायचे असेल, तर चार वर्षांखालील मुलास बांधून घेणारा पट्टा व त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा, असा नियम आहे.
- साडीचा पदर व ओढणी बांधून घ्या. मागच्या चाकाची साडीगार्ड ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकू नका.
- डबा आणि पिशवी हँडलला टांगू नका. वळताना तीच आडवी येते.

*रस्त्यावर सहा मिनिटे:*

उरलेली सहा मिनिटे ही वाटेत कोठे थांबून घालवायची नसून ती प्रवासभर वाटून द्यायची आहेत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे सरकते. म्हणजे पुढच्या वाहनाचा तांबडा दिवा दिसल्यापासून आपला हात ब्रेकवर पडेपर्यंतच गाडी एका बसची लांबी ओलांडून गेलेली असते. म्हणून पुढचे वाहन ज्या खांबापाशी आहे तेथे आपण पोचेपर्यंत निदान दोन सेकंद जातील, इतके अंतर राखावे. हे अंतर राखले की मध्ये कोणीतरी घुसतो आणि आपण मागे पडतो, अशी तक्रार प्रत्येक जण करतो. ती खरी आहे, आणि त्या मागे पडण्याकरिताच ही सहा मिनिटे राखून ठेवली आहेत.

- पीएमपीच्या बसच्या व कंटेनरच्या डाव्या अंगाने पुढे काढू नका. चालकाच्या आरशात आपण दिसत नाही, आणि बस थांब्याकडे वळते ती याच बाजूला.
- नवले पुलाच्या परिसरासारख्या लांब उतारावर जड वाहनांच्या पुढे रेंगाळू नका. त्यांचे ब्रेक उताराने तापलेले असू शकतात.
- उभ्या मोटारींच्या रांगेपासून एक दार उघडेल एवढे लांब राहा.
- उलट दिशेने ‘एवढेच अंतर’ जाण्याचा मोह आवरा. वाचणारे मिनिट-दीड मिनिट या दहांत आधीच धरलेले आहे.
- भ्रमणध्वनी हेल्मेटात खुपसून बोलू नका. साहेबांचा फोन असेल, तर गाडी बाजूला घ्या.

पावसाळ्याची जादा चौथाई

पहिल्या सरींत रस्त्यावर साठलेले तेल व धूळ यांचे निसरडे मिश्रण होते. रंगविलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि पेव्हर ब्लॉक यांवर ब्रेक दाबणे वा गाडी कलती करणे टाळावे. पाण्याने भरलेला खड्डा खोल आहे असेच समजून चालावे. ब्रेक एकदम न लावता दोन्ही हळूहळू दाबावेत, पुढच्या वाहनापासूनचे अंतर दुप्पट करावे, आणि दहाऐवजी वीस मिनिटे आधी निघावे. वाहत्या पाण्याखाली पूल दिसेनासा झाला असेल, तर परत फिरणे हेच शहाणपण. त्या दिवशीची रजा मंजूर होते.

पोलिसांनी थांबविल्यास आपले कर्तव्य व हक्क

गणवेशातील पोलिस अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना दाखविणे बंधनकारक आहे. हुज्जत घातल्याने कलमे वाढतात, कमी होत नाहीत. त्याच वेळी आपलेही हक्क आहेत:

- परवाना ताब्यात घेतला गेला, तर त्याची पोच मागा. ती देणे कायद्याने आवश्यक आहे.
- दंड जागेवर भरल्यास पावती घ्या. पावतीवाचून दिलेली रक्कम दंड होत नाही.
- घरी आलेल्या ई-चलनातील छायाचित्र नीट पाहा. गाडी, रंग वा क्रमांक आपला नसेल, तर मुदत न घालविता वाहतूक पोलिसांच्या अॅपवर किंवा कार्यालयात लेखी तक्रार नोंदवा, आणि त्या दिवसाच्या हजेरीचा उतारा जोडा.

अपघात घडल्यास

१. जखमीस मदत ही पहिली. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलिस. अपघात आपल्या हातून झाला असेल, तर जखमीच्या उपचाराची तजवीज करणे आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, कळविणे हे आपले कर्तव्य आहे.

२. रस्ते अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोकड न भरता उपचार मिळण्याची योजना केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये लागू केली आहे. दाखल करतानाच तिची विचारणा करा.

३. दुसऱ्याचा अपघात पाहून मदतीला थांबलात, तर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती आपल्यावर करता येत नाही. साक्षीच्या फेऱ्यांच्या भयाने पुढे निघून जाण्याचे कारण आता उरलेले नाही.

४. धडक देऊन वाहन पसार झाल्यास मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये भरपाईची वेगळी योजना आहे.

५. प्रथम खबरीची प्रत, पंचनामा व उपचारांचे कागद मिळवा, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. आपण जेथे राहता तेथील न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो.

कामावर जाताना झालेला अपघात: बहुतेकांना ठाऊक नसलेला हक्क

कारखान्याच्या फाटकाबाहेर जे घडते त्याच्याशी मालकाचा संबंध नाही, ही समजूत कामगारांत आणि व्यवस्थापकांतही सारखीच रुजलेली आहे. वस्तुतः कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली घातलेल्या कलमान्वये, घरापासून कामाच्या ठिकाणी जाताना अथवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखविता आल्यास, नोकरीतीलच अपघात मानला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी भरपाई कायद्यासही हेच तत्त्व लागू केले. ते प्रकरण आपल्याच मराठवाड्यातील, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील होते: साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ सालच्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलीने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरांवर अपघातात मरण पावला; त्याच्या कुटुंबास भरपाईचा हक्क असल्याचा निवाडा बावीस वर्षांनी झाला.

त्या बावीस वर्षांपासून आपण घ्यावयाचा धडा असा, की संबंध सिद्ध करणारा कागद आधीपासून हाताशी असावा:

- नेमणुकीचे पत्र आणि पाळीचा लेखी हुकूम. पाळी बदलल्यास निदान संदेश तरी जपून ठेवा.
- घर ते कचेरी हा नेहमीचा मार्ग. खासगी कामाने वाट वाकडी केली असेल, तर संबंध दुबळा होतो.
- अपघाताची वेळ पंचनाम्यात नीट नोंदली गेली आहे काय, हे घरच्यांनी पाहावे.
- मालकास लेखी सूचना, विलंब न लावता.

एकाच अपघाताबद्दल मोटार वाहन कायदा आणि कर्मचारी भरपाई या दोहोंखाली दावा करता येत नाही. एक मार्ग निवडावा लागतो. तो वकिलाच्या सल्ल्याने निवडावा. स्त्रिया व औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते.

परतीची वाट

शेवटी एक सूचना. सकाळची चौथाई लोक कुरकुरत का होईना भरतात, कारण पुढे हजेरीचे यंत्र उभे असते. संध्याकाळी हजेरी घेणारे कोणी नाही असे मानून, दमलेल्या अंगाने, भुकेल्या पोटी आणि समोरच्या दिव्यांनी दिपलेल्या डोळ्यांनी जो तो गाडी दामटतो. परतीच्याही वाचलेल्या चाळीस मिनिटांतली दहा रस्त्याचीच आहेत. निघण्यापूर्वी पाणी प्यावे, हेल्मेटची काच पुसावी, आणि किती वाजता पोचाल ते घरी कळविताना दहा मिनिटे उशिराचीच वेळ सांगावी, म्हणजे पत्राच्या तळाशी ती शेवटची ओळ लिहावयास लावणारी माणसे दारात उभी राहून घड्याळ पाहणार नाहीत, आणि आपणासही त्यांच्या घड्याळाशी शर्यत लावावी लागणार नाही.